गोंदाजीची हरकत

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावाच्या अगदी शेवटच्या घरात गोंदाजी राहत होता. माणूस कष्टाळू, पण भारी चौकस. रस्त्याने कोण चाललंय, कुठे चाललंय, पिशवीत काय आहे, हे कळल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा. समोर मोकळा माळ आणि माळापलीकडे डोंगर. सूर्य मावळेपर्यंत स्वारी जागची हलायची नाही.

त्या गावाची एक रीत होती. गावाबाहेर नवं घर बांधायचं असेल, तर आधी त्या जागी बांबूचा सांगाडा उभा करायचा. घर जेवढं लांब, रुंद, उंच होणार, तेवढाच सांगाडा. वर जुनं लुगडं ताणून बांधायचं, म्हणजे छप्पर कुठवर येणार ते सगळ्यांना दिसतं. महिनाभर तो तसाच ठेवायचा. ज्याला त्या घराचा त्रास होईल असं वाटेल, त्याने पंचांकडे हरकत घ्यायची. रीत शहाणपणाची, यात वाद नाही. पण ती गावाला लावून दिली कुणी, माहितेय? आपल्या गोंदाजीनेच. स्वतःचं घर बांधून झाल्यावर, बरं का!

एके दिवशी गोंदाजीच्या बरोबर समोर, माळावर, सांगाडा उभा राहिला. मैनाबाईचा. मैनाबाई आणि तिचा मुलगा येसू गावात एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल आणि त्याच खोलीत शेळी. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाळ रांगायला लागलं तरी तिचा बाप तिला पाठवेना. "आधी निजायला जागा करा, मग लेकीला न्या," असं त्याचं म्हणणं, आणि त्याचं तरी काय चुकलं? माळावरची जागा मैनाबाईच्या हक्काची होती. तिथे घर झालं नाही, तर मायलेक गाव सोडून सुनेच्या माहेरच्या गावी राहायला जाणार होते.

गोंदाजीने सांगाडा पाहिला आणि तो ओट्यावरून ताडकन उठला. डोंगरावर नजर टाकावी तर मध्ये लुगडं फडफडतंय! तो तडक पंचांकडे गेला.

"माळ मोकळा राहिला पाहिजे," तो म्हणाला. "आज एक घर, उद्या दहा. गावाची शोभाच जाईल."

पंचांना ते पटलं. त्यांनी मैनाबाईला नाही म्हणून सांगितलं. पण मैनाबाई काही मुकाट्याने ऐकून घेणारी बाई नव्हती. ती राजाकडे गेली आणि तिने दाद मागितली.

राजाने त्र्यंबकपंत न्यायाधीशांना पाठवलं. गावाबाहेरच्या घरांचे तंटे तोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्यांची तऱ्हाच न्यारी. गाव चावडीवर जमलं होतं, तिकडे ते फिरकलेच नाहीत. आधी सांगाड्याभोवती हिंडले. मग सरळ गोंदाजीच्या ओट्यावर येऊन बसले, पाणी मागितलं आणि बराच वेळ समोर बघत राहिले.

"छान दिसतो हो इथून डोंगर," ते म्हणाले.

"मग! तेच तर सांगतोय मी, पंत!" गोंदाजी खूश झाला. निकाल आपल्या मनासारखाच लागणार, असं त्याने धरूनच टाकलं.

पंत उठले. आता चावडीकडे जातील म्हणावं, तर ते घराला वळसा घालून मागे निघाले. मागे भिवराकाकूचं घर. म्हातारीचे गुडघे गेलेले, ती अंगणाबाहेरही पडत नसे. तिच्याकडे पंतांचं काय काम? गोंदाजीला चैन पडेना.

"न्यायाधीशाच्या मागे मागे काय जाता? गप घरी बसा," बायको म्हणाली. पण ऐकेल तो गोंदाजी कसला! वहाणा घालायलाही तो थांबला नाही.

काकू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पंत तिच्या शेजारी टेकले. गोंदाजीही टेकला. समोर बघतो, तर भिंत. पोपडे उडालेली, ओल येऊन काळी पडलेली, उंचच उंच. तिच्यावरून नजर पलीकडे जाईना. खाली न्हाणीचं पाणी साचलेलं. ही कुणाची भिंत, असं तो विचारणारच होता, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. भिंत त्याचीच होती. गावभरच्या पिशव्यांत डोकावणारा हा गृहस्थ, पण आपलं घर मागून कसं दिसतं ते त्याने आजवर पाहिलंच नव्हतं!

"काकू, इथून पूर्वी काय दिसायचं?" पंतांनी विचारलं.

"डोंगर की. आमचे हे होते तेव्हा रोज संध्याकाळी दोघं इथेच बसायचो."

"मग हे घर उभं राहताना तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" काकूने हनुवटीने गोंदाजीकडे दाखवलं. "याचं लग्न ठरलेलं. नवरीला आणायला धड घर नव्हतं. पोराचा संसार उभा राहत होता, तिथे मी डोंगर घेऊन बसू का?"

आणि ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. तिच्या बोलण्यात जराही राग नव्हता. राग असता, तर गोंदाजीला बरं वाटलं असतं.

पंत चावडीवर आले. बसल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "गोंदाजी, तुमची हरकत सांगा."

काकूच्या ओट्यावर काय झालं, ते पंतांनी कुणालाच सांगितलं नाही. गोंदाजीला हवं असतं, तर माळ, मोकळी हवा, गावाची शोभा, सगळं भाषण तो धडाधडा म्हणू शकला असता. पंच त्याच्याच बाजूचे होते. समोर मैनाबाई पदर मुठीत आवळून उभी होती. येसू मान वर करत नव्हता. गोंदाजी उठला.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला.

"अहो, आत्तापर्यंत तर होती!" एक पंच ओरडला.

"होती. पण मला घर मिळावं म्हणून काकूने तिचा डोंगर सोडला आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही. ते मला आज कळलं. आता येसूच्या बायकोला मी कुठल्या तोंडाने अडवू?"

पंतांनी मान डोलावली आणि मैनाबाईला घर बांधायची परवानगी दिली. मैनाबाईला रडूच कोसळलं.

घर झालं. सून आली, बाळ आलं. गोंदाजीच्या ओट्यावरून डोंगर दिसेनासा झाला. खोटं कशाला बोला, त्याला वाईट वाटलंच. चार दिवस तो ओट्यावर फिरकलाच नाही. मग एका संध्याकाळी तो उठला, भिवराकाकूच्या अंगणात गेला आणि तिला हात धरून सावकाश मैनाबाईच्या नव्या ओट्यावर घेऊन आला. सुनेने घोंगडी अंथरली. बाळ दुडदुडत येऊन काकूच्या लुगड्याला लोंबकळलं.

काकू डोंगराकडे बघत राहिली. मग गोंदाजीचा हात दाबून म्हणाली, "अरे गोंदा, हा होता तसाच आहे की रे! मीच तेवढी म्हातारी झाले."



तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या घराला हरकत घेण्याआधी, आपलं घर उभं राहताना कुणी काय सोसलं, ते त्याच्या ओट्यावर बसून एकदा बघून यावं.