येळवीने पाठ फिरवली

जपून उतरा पाहुणे, हे गोटे पायाखाली फिरतात. असे गोल, गुळगुळीत गोटे वाहत्या पाण्याशिवाय होत नाहीत, आणि इथं तर भर श्रावणातही घोटाभर पाणी टिकत नाही. ही येळवी नदीची जुनी वाट. वर उंबरोशी, खाली हे आमचं आसनोली, आणि मधे ही कोरडी घळ. नदी आता त्या कुबड्या डोंगराच्या पलीकडून जाते आणि दोन कोसांवर मासवी नदीला मिळते. ती तिकडे कशी गेली, ते जुनी माणसं सांगत आली आहेत.

त्या काळी म्हणे दोन्ही गावांत सोयरिकी होत. उंबरोशीच्या खंडोजी पाटलाची लेक चिमा आसनोलीच्या सटवाला दिली होती. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला, तेव्हा खंडोजीनं कुबड्याच्या खिंडीखाली येळवीला बांध घातला. आधी पुरुषभर उंच, मग दोन पुरुष. उंबरोशीचे पाट भरले. आसनोलीच्या विहिरींत चिखल उरला, मग तोही वाळला.

त्या दिवसापासून चिमाला सासरी घास गोड लागला नाही. थोरला दीर राणबा तिच्याशी बोलेनासा झाला. बोलला तर एवढंच, "नदी गिळून बसलाय तुझा बाप. तू आमची भाकर कशाला गिळतेस?" सटवा ऐकायचा आणि खाली मान घालून उठून जायचा.

चैत्रात आसनोलीची माणसं पहारी घेऊन बांध फोडायला निघाली. चिमा दारात आडवी आली.

"तुम्ही जाऊ नका. माझे भाऊ आहेत तिथं."

सटवा म्हणाला, "नाही गेलो तर सासऱ्याला फितूर झाला म्हणतील. मग तुलाच जगू देणार नाहीत."

बांधावरून गोफणी सुटल्या. एक धोंडा सटवाच्या कानशिलावर बसला. दुपारी त्याला घोंगडीत घालून आणला, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

मयताला आंघोळ घालायला गावात पाणी नव्हतं. राणबा चिमाला म्हणाला, "जा बापाकडं. पाणी घेऊन ये. मोकळ्या हातानं आलीस तर या वेशीत पाऊल टाकू नकोस."

ती गेली. खंडोजी बांधावरच बसला होता.

"आबा, धोंडा कुणाचा होता ते विचारत नाही. मयताला आंघोळ घालायची आहे. पाणी सोडा."

खंडोजी म्हणाला, "आज मयताला सोडलं तर उद्या रानाला मागतील. एक घागर ने. जास्त नाही."

घागर त्यानंच भरून तिच्या डोक्यावर दिली, असं सांगतात. त्याचे डोळे भरले होते म्हणणारेही आहेत. पण बांध त्यानं सोडला नाही.

कोसभर ऊन तुडवत चिमा परतली. थेंब सांडू नये म्हणून मान ताठ धरून चालली. वेशीशी आली तर नदीकाठी धूर दिसला. चिता पेटलेली होती. नवऱ्याचं तोंडसुद्धा तिला दाखवलं नव्हतं.

राणबा आडवा आला. "वैऱ्याघरचं पाणी माझ्या भावाला नको."

"मग मला पाठवलं कशाला?"

"तू इथं नको होतीस म्हणून."

बायका उभ्या होत्या. शेजारणी होत्या, जाऊ होती. एकीनंही पुढं होऊन घागर उतरवून घेतली नाही. चिमा जराशी थांबली आणि आल्या पावली मागे वळली. या खेपेला ती बांधावर गेली नाही. कुबड्याच्या खिंडीत चढली. बांधाच्या राखणदारांनी पाटलाची लेक म्हणून जाऊ दिली. खिंडीच्या पलीकडे उतारावर नुसता फुफाटा होता. तिथं तिनं घागर उपडी केली.

"येळवीबाई," ती म्हणाली, "बापानं तुला कोंडलं आणि सासरच्यांनी तुझ्यापायी माझा माणूस मरायला नेला. या दोघांनाही तू लाभू नकोस. या वाटेनं ये."

एवढंसं पाणी, फुफाट्यानं जागीच प्यायला हवं होतं. पण म्हणे ते जिरलं नाही. करंगळीएवढी धार उतारानं निघाली. इकडे आभाळात ढग नसताना बांधामागचं पाणी चढू लागलं, आणि दिवस कलायच्या आत खिंडीची माती खचली. नदी गर्जत पलीकडे पडली. तीन दिवसांत तिनं एवढी खोल दरी कापली, की उंबरोशीचे पाट वर काठावर लोंबकळत राहिले. आसनोलीला तर तिचा आवाजही येईना. दोन्ही गावं त्या रिकाम्या बांधावर पुन्हा एकमेकांची डोकी फोडायला जमली, पण भांडायला आता पाणीच नव्हतं.

चिमा नदीबरोबर गेली. येळवी मासवीला मिळाली तिथं खोपटं घालून राहिली. दोन्ही गावांची माणसं घागरी घेऊन यायची आणि ती विळा घेऊन उभी राहायची. खंडोजी स्वतः आला. तिनं त्याच्याकडे मान वळवली नाही. तो तसाच गेला.

पुढं राणबा मेला. त्याची बायको एकटीच आली आणि लांब उभी राहिली.

"प्यायला मागत नाही, चिमा. मयताला हवंय."

चिमानं विळा खाली ठेवला. जावेच्या हातातून घागर घेतली आणि स्वतः पाण्यात उतरून भरली. डोक्यावर देताना म्हणाली, "मेलेल्याशी माझं वैर नाही. तू मात्र यातलं पिऊ नकोस."

आजही उंबरोशीचा किंवा आसनोलीचा माणूस त्या संगमावर तहान भागवत नाही, मग जीव कासावीस झाला तरी. मयत झालं, की पहिली घागर मात्र तिथूनच येते. कधी एकाच दिवशी दोन्ही गावांत कुणी जातं. मग दोन्हीकडची माणसं एकाच खडकावर उभी राहून पाणी भरतात, एकमेकांच्या घागरीला हात देऊन ती खांद्यावर चढवतात, आणि एक शब्द न बोलता आपापल्या वाटेला लागतात.