कशालाच हात लावावा लागत नाही

"माझ्या घरात नाही असं तुमच्याकडं काय आहे, बाबा?"

शिरीष दर्ग्याच्या पायरीवर उभा होता. चढ चढून आल्यानं त्याला दम लागलेला, आणि मनात रागही होता. रहमानबाबा लिंबाखालचा पाला गोळा करत होते. त्यांनी वर पाहिलं, झाडू बाजूला ठेवला आणि बसायला घोंगडी झटकून दिली.

शिरीष बसला नाही.

त्याचं दुखणं साधं होतं. त्याचे वडील, तात्या तांबट, रोज दुपारी ही टेकडी चढून इथं येत. गुडघे कामातून गेलेले. मागच्या बाजारादिवशी उतरताना घसरले, कोपर सोलून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आई गेल्यापासून घरात धड बोलत नव्हते. पोरगं कासावीस झालं होतं. एक दिवस हा माणूस या वाटेवरच राहील, अशी त्याला धास्ती होती.

त्यानं काय केलं नव्हतं? वडिलांसाठी वरची आख्खी खोली सजवली होती. भिंतभर पडदा, चारी कोपऱ्यांत स्पीकर, खाली घुमणारा एक जाडा स्पीकर. जुने सिनेमे, भजनं, वगनाट्यं, कुस्त्या, जे जे म्हणून तात्यांना आवडायचं ते शोधून शोधून त्यात भरलेलं. वायर ओढण्यापासून सगळं त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. तात्या तिथं जरा वेळ बसत, "छान आहे हो" म्हणत, आणि काठी घेऊन टेकडीची वाट धरत.

"तुमचं ऐकतात ते," शिरीष म्हणाला. "येऊ नका म्हणून सांगा त्यांना."

बाबांनी झाडू पुन्हा उचलला.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. तात्याच होते. पोराला पाहून चपापले, पण थांबले नाहीत. सरळ ओसरीवर गेले आणि खुंटीवरचा रेडिओ काढला.

आता तो रेडिओ म्हणजे काय, तर नावाला रेडिओ. झाकण सुतळीनं बांधलेलं, एरियलची काडी कधीच मोडलेली. तिच्या जागी वायरीचा तुकडा जोडलेला. तात्यांनी वायरीचं टोक चिमटीत धरून हात वर केला. खरखर झाली, मग खरखरीतून हळूच गाणं वर आलं. हात जरा खाली आला की गाणं बुडायचं. तात्या कोपर सावरून तसेच उभे. बाबा डोळे मिटून मान डोलवत होते.

हात भरून आला तसे बाबा उठले. त्यांनी टोक आपल्या हातात घेतलं आणि तात्या खाली टेकले. मग पुन्हा तात्या. बोलणं एवढंच, की जरा डावीकडं, हां, तिथंच.

शिरीषला हसू आवरेना. "तात्या, गाणं कुठलं लागलंय?"

तात्यांचा जन्म हंडे-घंगाळी ठोकण्यात गेलेला. कान तेव्हाच गेले होते.

"मला कुठं ऐकू येतंय?" तात्या म्हणाले. "बाबांना विचार."

शिरीष बाबांकडं वळला. उद्याच नवा रेडिओ आणून देतो म्हणाला, असा की कुणाला काही धरायला नको. आणि पुन्हा आपल्या मूळ गोष्टीवर आला.

बाबांनी वायर खाली ठेवली.

"आधी तुझी खोली दाखव," ते म्हणाले. "मला पटली, तर याला येऊ नको म्हणून सांगतो. माझी जबान."

तात्यांनी एकदा बाबांकडं पाहिलं. मग रेडिओ खुंटीला अडकवला, आणि खाली बघत काठी चाचपू लागले.

खोलीत गेल्यावर शिरीष खुलला. पडदे ओढले, तात्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत पाठ टेकली की पाय आपोआप वर येत. आवाज चारी बाजूंनी जिथं नेमका येऊन मिळतो, ती जागा मोजूनच त्यानं खुर्ची ठेवली होती. खोलीत खुर्ची एकच.

मग तो नुसता बोलला, "कुस्ती लाव." पडद्यावर आखाडा उजळला, शड्डूचा आवाज छातीत घुमला. "भजन लाव," म्हणाला. टाळ वाजू लागले. तात्यांच्या कानाचा विचार करून आवाज वेगळा बांधला होता, शब्द न् शब्द कळावा असा. मागच्या कोपऱ्यात कुठंतरी चिमणी चिवचिवली, तशी बाबांनी वळून खिडकीकडं पाहिलं.

"आत आली वाटतं."

"ती त्यातलीच आहे, बाबा," शिरीष हसून म्हणाला. "ऊठ नको, बस नको. कशालाच हात लावावा लागत नाही."

"येतं ना ऐकू?" बाबांनी तात्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"सगळं येतं," तात्या म्हणाले. "पोरानं लई केलंय." न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे ते ताठ बसले होते. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, पालथे. ठोकून ठोकून बोटं वाकलेली, नखं जाड झालेली.

बाबांनी खुर्चीला एक फेरी मारली. पडदा पाहिला, कोपरे पाहिले. एका स्पीकरला कान लावून कौतुकानं मान हलवली. शिरीष त्यांच्या तोंडाकडं बघत होता. शाळेत गुरुजींनी पाटी हातात घेतल्यावर पोर बघतं, तसा.

"काय कमी आहे ते सांगा," तो म्हणाला. "आजच आणतो."

भजन चालू होतं...

बाबा तात्यांच्या पुढ्यात उकिडवे बसले. मांडीवरचा एक हात उचलून त्यांनी आपल्या हातात घेतला आणि उताणा केला. तळव्यावरून अंगठा फिरवला.

"कमी काहीच नाही, बेटा," ते म्हणाले. "यात तात्यानं धरायचं काय, तेवढं सांग."