मालकाचा विनोद

"सगळ्यांना ठाऊक होतं, आज्जा. वॉचमनलासुद्धा. मग मलाच कुणी का सांगितलं नाही?"

चंदगडकडच्या एका लहानशा मठात प्रतापराव नलवडे मांडी घालून बसले होते. काजूच्या कारखान्याचे मालक. समोर मठाचे म्हातारे जंगम स्वामी पावट्याच्या शेंगा सोलत होते. सगळा मुलूख त्यांना आज्जा म्हणायचा.

कारखान्यात काजू वाफवायच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह बरेच दिवस गळत होता. गेल्या आठवड्यात तो उडाला. बसवंत नावाच्या कामगाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"घाबरत असतील तुला," आज्जा म्हणाले.

"मला? छे! मी तसला मालक नाही. एकेकाला नावानं ओळखतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसतो, थट्टामस्करी करतो. पोट धरून हसतात माणसं."

"असं? मलाही एखादी सांग."

प्रतापराव जरा गोंधळले. मग खाकरून म्हणाले, "आमच्याकडं काजू सोलणाऱ्या बायका इतक्या बोलतात, इतक्या बोलतात, की शेवटी काजूच कंटाळून सालीतून बाहेर येतो."

आज्जा शेंग सोलत राहिले.

दाराशी उभा असलेला ड्रायव्हर दस्तगीर मात्र मोठ्यानं हसला.

आज्जांनी मान वर केली. "पहिल्यांदाच ऐकलंस का रे?"

दस्तगीरनं मालकाकडं पाहिलं. मग आज्जांकडं. मग पुन्हा मालकाकडं.

"नाही... म्हणजे... साहेब सांगतात ते दर वेळी नवीनच वाटतं, आज्जा."

प्रतापरावांचे कान लाल झाले. दस्तगीर हळूच बाहेर गाडीपाशी गेला.

आज्जांनी पुढची शेंग उचलली.

"बसवंतला भेटलास?"

"दवाखान्याचं सगळं मी बघितलं, आज्जा. काही कमी पडू दिलं नाही. काल त्याला घरी सोडलं."

"मी विचारलं, भेटलास का?"

प्रतापराव पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला लागले.

"भेटून ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतापराव परत आले. या वेळी एकटेच. नमस्कार करायलाही विसरले आणि भिंतीला टेकून बसले.

"गेलो होतो."

"बरं."

"मला बघून तो उठायला लागला. नको नको म्हटलं, तरी उठलाच. माझ्यासाठी खुर्ची पुसायला निघाला. डाव्या हातानं."

प्रतापरावांनी डावा हात जमिनीवर फिरवून दाखवला.

"काय बोलावं ते मला सुचेना. नेहमीच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं... म्हटलं, काय बसवंत, एक सुट्टी मिळवायला एवढा मोठा खटाटोप?"

प्रतापरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"आणि तो हसला, आज्जा. हसताना तो भाजलेला हात हलला. तोंड वेडंवाकडं झालं त्याचं, डोळ्यांत पाणी आलं... तरी हसत राहिला. मी हसायचं थांबेपर्यंत."

मठामागच्या विहिरीवर कुणीतरी पाणी शेंदत होतं. रहाटाचा आवाज तेवढा येत राहिला.

"किती वर्षं मी तेच हसू बघतोय," प्रतापराव हळू आवाजात म्हणाले. "मला वाटायचं, लोकांना मी आवडतो."

आज्जांनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. ते घटाघटा प्यायले.

"घरात आणखी कोण होतं?"

"त्याची बायको, शेवंता. तीही माझ्याकडंच आहे, सोलायच्या खात्यात."

"ती हसली?"

प्रतापरावांच्या कपाळावर आठी पडली.

"नाही. चुलीपाशी बसली होती. मी बोललो तशी माझ्याकडं वळली आणि बघत राहिली. सरळ तोंडाकडं. मी निघालो तरी उठली नाही, या म्हणाली नाही. खरं सांगतो आज्जा, राग आला मला. मालक दारात आलाय, नवऱ्याचं सगळं बघतोय, आणि ही बाई... मुकादमाला गाडीतूनच फोन लावला होता. सांगणार होतो, हिला उद्यापासून कामावर..."

"मग?"

"तो उचलायच्या आत ठेवला."

"का?"

"माहीत नाही."

प्रतापराव खाली मान घालून बसून राहिले. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, तरी ते हलले नाहीत.

"आता मी काय करू, आज्जा? परत जाऊन बसवंतची माफी मागू?"

"माग. तो लगेच देईल."

"मग?"

"मग कारखान्यात आणखी काय काय गळतंय, ते शेवंताला विचार."