तडा गेलेला पेला

दूर पश्चिमेच्या एका गावात एकाच भिंतीला लागून दोन दुकानं होती, दोन्ही चिनी मातीच्या भांड्यांची. एक हुबर्टचं, दुसरं कास्परचं. कास्परच्या पायरीवर गिऱ्हाईक चढलं की इकडे हुबर्टच्या पोटात दुखायचं. स्वतःचा गल्ला सोडून तो शेजारच्या दाराकडेच बघत बसे.

एकदा दोघंही एकाच गलबतातून चीनला गेले. तिथल्या लियांग आजोबांच्या भट्टीतले निळे पेले मिळाले, तरच हुबर्टचं दुकान तगणार होतं. आणि आजोबा माल देणार होते एकालाच.

हुबर्टने उतरल्या उतरल्या भाव विचारला. आजोबांनी नुसता चहा पुढे केला. कास्पर मात्र भट्टी बघत हिंडला, नातवंडांची नावं विचारत बसला, वाढलेलं सगळं जेवला. हा धंद्याला आलाय की माहेरपणाला, असं हुबर्ट सोबतच्या दुभाष्याच्या कानात कुजबुजला. पण आजोबा स्वतःच्या हाताने कास्परला मासा वाढताना दिसले आणि हुबर्टने आपली थाळी बाजूला सारली.

निरोपाच्या जेवणाला आजोबांचे मुलगे, सुना, भट्टीवरचे कारागीर, सगळे जमले. हुबर्टचं लक्ष जेवणात कुठलं! ते कास्परच्या पेल्यावर. त्या पेल्याला बारीक तडा होता. कास्परने तडा हळूच आपल्या बाजूला फिरवला आणि चहा प्यायला. अस्सं, म्हणजे वाईट मालही गोड मानून हा सौदा लाटणार! हुबर्टला राहवेना. त्याने तो पेला उचलून सगळ्यांपुढे धरला.

"बघा, याला तडासुद्धा कळत नाही. मला कळतो. माल मला द्या."

थोरल्या मुलाने मान खाली घातली. आजोबा मात्र हसले, हुबर्टला पुन्हा चहा ओतला आणि म्हणाले, "विचार करू."

जिंकलो, असं समजून हुबर्टने गलबतात मालासाठी जागाही धरून ठेवली. धक्क्यावर पेट्या आल्या, पण सगळ्यांवर नाव कास्परचं.

"ते तर विचार करू म्हणाले होते," हुबर्ट दुभाष्यावर डाफरला.

"साहेब, पाहुण्याला इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत. नकार असाच देतात."

आजोबा कास्परला पोचवायला आले होते. ते हुबर्टजवळ थांबले. "तडा कास्परनेही मला सांगितला," ते म्हणाले. "पण पंगत उठल्यावर. मला बाजूला घेऊन."

हुबर्टने धरलेल्या जागेत कास्परच्या पेट्या रचल्या गेल्या.

तात्पर्य: शेजाऱ्याचं वाईट करायला टपलेल्याला यजमानाची अब्रू दिसत नाही, आणि दुसऱ्याची अब्रू जो राखत नाही, त्याच्याशी कुणी सौदा करत नाही.