चाकाखालचं लिंबू

गाड्या आपसात बोलत असत, त्या काळची गोष्ट. जुन्या गाड्यांच्या बाजारात एक सात माणसांची थोरली गाडी उभी होती. तिचा जीव पहिल्या धन्याकडे, कर्णिकांकडे अडकलेला. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की ती मुद्दाम सुरूच व्हायची नाही.

शेजारच्या शोरूममधली कोरी गाडी म्हणाली, "ताई, ते काही परत येत नाहीत. भंगारात जाशील अशानं."

"येतील. मागच्या सीटवर त्यांच्या शलाकानं पेनानं काढलेलं फूल आहे."

एके दिवशी धुमाळ मायलेक आले. आधी कोरी गाडी पाहिली, मग हिच्यात बसले. म्हातारीनं त्या फुलावरून बोट फिरवलं. "हे पुसू नका हं," ती विकणाऱ्याला म्हणाली आणि उतरून तिनं पिशवीतलं लिंबू चाकाखाली ठेवलं.

"आई, अजून घेतली कुठे? आणि लिंबू नव्या गाडीला ठेवतात."

"आपल्याकडे नवीच की ती."

गाडीनं फाटकाकडे पाहिलं. कुणी आलं नव्हतं. लेकानं चावी फिरवली, तशी ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

सौदा झाला. लिंबू चिरडून ती फाटकाबाहेर आली. कर्णिकांचं घर डावीकडे होतं. धुमाळांनी उजवीकडे वळवली, तेव्हा स्टिअरिंग जरा जडच गेलं.