एकोणिसावी चूल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घाटात रस्ता नव्हता आणि मीठ बैलाच्या पाठीवरून यायचं. नदीच्या काठी डोहवाडी नावाचं गाव होतं. गावाला दोन आळ्या, एक वरची, एक खालची. खालच्या आळीत अठरा चुली होत्या. आमच्याकडे घरं भिंतींवरून मोजत नाहीत, चुलींवरून मोजतात. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या मोजणीवरच आहे.

दर दोन-तीन वर्षांनी नदी खालच्या आळीत शिरायची आणि साठवलेलं सगळं घेऊन जायची. एका साली तिनं दोन लेकरंही नेली. तेव्हा अठरा चुलींनी ठरवलं, की पुढच्या मृगाच्या आत इथून उठायचं. भादव्यात चार कर्ती माणसं घाट चढून निरगुडखोरं बघून आली. गवत कमरेएवढं, जागोजाग झरे. सोन्यासारखी जागा आहे म्हणाले, आणि लगेच निघायची घाई करू लागले.

आता ठकूआत्या कोण ते सांगतो. ती खालच्या आळीतल्या मल्हारीची आत्या, म्हणून साऱ्या आळीची आत्या. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून ती आधी भावाच्या आणि मग भाच्याच्या चुलीवर जेवत होती. बाई फटकळ, पण मनानं लोण्याहून मऊ. ती म्हणाली, "नटलेली नवरी बगून लगीन ठरवू नगा. जागा भादव्यात हसती आन् वैशाखात बोलती. मी तितं ऱ्हाऊन येते."

वरच्या आळीतला केरबा हसला. "आत्या, जमिनीला कान लावायला चाललीस व्हय?"

"व्हय," आत्या म्हणाली. "तुमचं समद्यांचं ऐकून झालंय."

एक घोंगडी, एक कोयता, गाडग्यात विस्तव, नाचणीचं गाठोडं आणि एक शेळी घेऊन आत्या घाट चढली. आठ महिने ती त्या खोऱ्यात एकटी राहिली. थंडीत वारा कुठून घुसतो ते तिनं शेळीच्या बसण्यावरून ओळखलं. कुठला कंद पोटाला चालतो ते स्वतः खाऊन बघितलं, दोनदा आजारी पडली. असं म्हणतात, की वाघ तिच्या विस्तवापाशी यायचा आणि ती त्याला "घरला जा रं बाबा" म्हणायची, आणि तो जायचा.

वैशाख आला. चौघांनी पसंत केलेलं ते हिरवं माळरान भेगाळलं, झरे आटले. आत्यानं जमिनीला कान लावला. असं म्हणतात, की जमीन बोलली, "हितं नगं, वर ये." वर नुसता खडक होता. पण खडकात एक उंबर होता, आणि त्याच्या मुळाशी करंगळीएवढी धार वाहत होती. जमीन खरंच बोलली का, असं पोरं विचारतात. मी म्हणतो, आठ महिने जी बाई गप्प बसून ऐकते, तिच्याशी दगडही बोलेल.

आत्या खाली आली आणि म्हणाली, "ऱ्हायला जागा हाय. घरं उंबरापाशी बांधा. पावसात बैलाला घाट बंद ऱ्हातो, तवा चार म्हैन्यांची बेगमी हितूनच न्यायची. त्या खोऱ्यात समदं हाय, मीठ आन् माणूस तेवढं नाय."

अठरा चुली उठल्या. धान्य, मीठ, बियाणं डोक्यावरून आणि बैलांवरून वर गेलं. उंबराखाली आत्यानं वाटे घालायला घेतले. घातले एकोणीस. प्रत्येक वाट्यातून थोडं थोडं काढून एक जादा कणगी भरली.

मल्हारीची बायको साळू हे बघत होती. तिच्या पदराखाली तीन महिन्यांचं लेकरू होतं. चार महिने पुरायचं होतं आणि वाटा तर कमी झाला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "एकोनिसावी चूल कुनाची? तुमचीच न्हवं, आत्या?"

आत्याला ते लागलं. का लागू नये? जन्मभर दुसऱ्याच्या चुलीवर काढलेला माणूस तो. पण ती एवढंच म्हणाली, "येनाराची."

आषाढ सरला. श्रावणात संततधार लागली आणि एका दुपारी घाटाच्या तोंडाशी माणसं दिसली. पुढं केरबा होता. या खेपेला नदीनं वरची आळीही सोडली नव्हती. लहानमोठी चाळीस माणसं, अंगावरच्या ओल्या घोंगड्यांशिवाय हाती काही नाही. ती वर पोचली आणि मागं दरड कोसळली. आता दसऱ्यापर्यंत कुणाला जाता येणार नव्हतं, की खालून काही आणता येणार नव्हतं. अठरा चुलींची माणसं दारात उभी राहिली. आपल्या लेकरांच्या तोंडचं जाणार, हे प्रत्येकाच्या मनात आलं. 

मग साळू पुढं झाली. केरबाच्या सुनेच्या कडेवरचं भिजलेलं पोर तिनं घेतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आत्या, येनारं आलं. कणगी उगडा."

केरबाला वर बघवेना. "आत्या, आमी हसलो व्हतो."

"हसलास म्हनून भूक कमी लागली का? बस जेवायला."

चाळीस माणसं त्या एका कणगीवर दसऱ्यापर्यंत जगली. असं म्हणतात, की काढावं तेवढं धान्य पुन्हा वर यायचं. असंही म्हणतात, की पाण्याला जाता-येता एकेक बाई आपल्या घरची मूठ गुपचूप तिच्यात टाकायची आणि घरी अर्धी भाकरी कमी खायची. मला दोन्ही खरं वाटतं.

दसऱ्यानंतर केरबाच्या माणसांनी आपल्या झोपड्या घालायच्या आधी एक घर बांधलं, मध्ये चूल मांडली आणि आत्याला म्हणाले, "ही तुजी." आत्या चुलीपाशी बसली आणि पोटभर रडली. पुढं घाट चढून जो येई, तो पहिल्यांदा तिथंच जेवे. तिचे शेवटचे दिवस आले तेव्हा साळूनं विचारलं, "आत्या, तुमची चूल आता कुनाला द्यायची?"

"कुनाला नगं," आत्या म्हणाली. "नुसती मोजत ऱ्हावा."

आज निरगुडखोऱ्यात शहाऐंशी चुली आहेत. वैशाखात सारं गाव उंबराखाली जमतं. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या विधवेला पाटावर बसवतात आणि विचारतात, "चुली किती?" ती म्हणते, "सत्त्याऐंशी." मग चुकलं का म्हणून कुणी एकमेकांकडं बघत नाही. तेवढे वाटे पडतात आणि जादा कणगी भरते.

अठरा चुलींची गोष्ट अशी एकोणिसावीपाशी येऊन थांबते. कधी त्या बाजूला गेलात आणि पावसानं गाठलं, तर कुणाकडं उतरू म्हणून विचारत बसू नका. तुमची चूल तिथं मोजून झालेली आहे.