कोंबडी घरी कशी पोचली

एका गावात एक बालवाडी होती आणि त्या बालवाडीत एक दमलेल्या बाई होत्या. दमलेल्या म्हणजे काय, सकाळी दाराचं कुलूप उघडतानाच दमलेल्या. घरचं पाणी भरायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करायचं आणि मग अर्धी टेकडी चढून यायचं. पूर्वी हाताखाली एक मदतनीस होती. ती लग्न होऊन गेली. दुसरी पाठवतो, पाठवतो म्हणत दोन वर्षं झाली, कुणी पाठवली नाही. राहिल्या बाई एकट्या आणि समोर अकरा पोरं. एकाचं नाक पुसावं तोवर दुसऱ्याची चड्डी ओली!

या बाईंजवळ गाड्यांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. दुकानातलं नव्हे हो. बाईंचे वडील ट्रकच्या मागे फुलं आणि मोर रंगवणारे पेंटर. लेक चार वर्षांची असताना त्यांनी डब्यांत उरलेल्या रंगांनी जाड पुठ्ठ्यांवर चित्रं काढली, दोऱ्याने शिवली आणि तिच्या मांडीवर ठेवली. अकरा पानं. पहिल्या पानावर बाजारातून निघालेली बैलगाडी, मग सायकल, टांगा, लाल बस, ट्रॅक्टर, रोडरोलर, मधे एक होडीसुद्धा, असं करत करत दहाव्या पानावर दुधाचा टेम्पो. आणि प्रत्येक गाडीवर कुठे ना कुठे एक तांबडी कोंबडी बसलेली. तिला घरी पिल्लांकडे जायचं असतं. या गाडीतून त्या गाडीत उड्या मारत ती अकराव्या पानावर घरी पोचते. त्या पानावर गाडी नाही. नुसतं अंगण, कोंबडी आणि सहा पिल्लं.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुस्तक बाईंच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत असायचं. पण पोरांना गाड्या आवडतात, म्हणून एक दिवस बाईंनी ते बालवाडीत नेलं आणि स्वतःच्या जिवाला घोर लावून घेतला.

"बाई, मला दिसत नाही!"

"बाई, म्हाद्याचं डोकं मधे येतंय!"

"बाई, पुन्हा!"

पुन्हा म्हणजे किती वेळा? तीनदा, चारदा, रोज. पोरं मांडीवर चढायची, खांद्यावर लोंबकळायची, रोलर आला की सगळी मिळून घर्र घर्र करायची. बाईंचा घसा बसला. मान अवघडली. पोरांवर त्यांचं प्रेम नव्हतं असं नाही, पण दमलेल्या माणसाला प्रेमसुद्धा ओझं वाटतं. खरं आहे ते सांगायला काय जातंय?

एक दिवस म्हादू आणि सुभान दोघांनी पुस्तक दोन टोकांनी धरलं. हा म्हणतो माझं, तो म्हणतो माझं. शिवण करकरली. बाईंचं डोकं उठलं. त्यांनी पुस्तक हिसकावून घेतलं, कात्री काढली आणि वडिलांनी घातलेला दोरा कच्चकन कापला.

"अकरा जण, अकरा पानं. घ्या एकेक! आता ज्याची गाडी त्याची. आवाज नकोय मला!"

आवाज खरंच थांबला. पोरं आपापलं पान घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसली. बाई भिंतीला टेकल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा पाय पसरून बसल्या आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. फार बरं वाटलं त्यांना.

फक्त शेवंती नावाची एक चिमुरडी पान घेऊन समोर उभी राहिली.

"बाई, माझ्या पानात गाडीच नाही."

"कोंबडी आहे ना? मग झालं तर. जा, बस."

शेवंती जाऊन बसली.

पुढचे चार दिवस बालवाडीत शांतता होती. पोरं पानं घरी नेत, परत आणत, छातीशी धरून बसत. शेजारच्याने मान वळवली की पान उलटं करत. "माझ्या ट्रककडे बघायचं नाही," एवढंच काय ते बोलणं. पुन्हा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून म्हादू तर हात हलवत यायला लागला. पान कुठंय म्हटलं की मान खाली. चौथ्या दिवशी ती शांतता बाईंच्याच अंगावर यायला लागली.

पाचव्या दिवशी शेवंती पुन्हा समोर आली.

"बाई, ही घरी आली का?"

"आली की. दिसत नाही का तुला? ही बघ पिल्लं."

"पण ती निघालीच नाही," शेवंती म्हणाली. "बैलगाडी सुभानकडे आहे. तो दाखवत नाही. मग ही आली कशी? ही दुसरीच कोंबडी असेल. पिल्लांची आई अजून बाजारातच असेल."

आणि तिने ओठ काढले.

बापाने जिवापाड मेहनतीने घरी पोचवलेली कोंबडी आपण आपल्या हातांनी वाटेत सोडून दिली, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्या खाली फरशीवर बसल्या.

"पोरांनो, इकडे या. बाईंचं चुकलं. मी पुस्तक कापायला नको होतं. पानं द्या मला, मी पुन्हा शिवते."

एकही पोर हललं नाही. "तुम्हीच दिलंय," सुभान म्हणाला. "माझी बैलगाडी आहे." दिलेलं हिसकावून घ्यायला त्यांचा हात उठेना.

शेवंतीने मात्र आपलं पान फरशीवर ठेवलं. "ही घरी आहे. हिला कुणी आणलं?"

मग एक बारीक आवाज आला, "माझ्या टेम्पोने." आणि दुधाचा टेम्पो अंगणाच्या शेजारी येऊन बसला.

"आणि टेम्पोत कुठून आली?"

"माझ्या ट्रकातून!"

मग होडी आली, आगीचा बंब आला. पोरं सरकत सरकत जवळ आली. सहाव्या पानापाशी गाडं अडलं. रोलर म्हादूचा. म्हादूने भोकाड पसरलं.

"शेळीने खाल्लं! मी उशाशी ठेवलं होतं, सकाळी बघतो तर शेळीने खाल्लं!"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वडिलांच्या हातचं ते पान आता कुठून येणार? पण शेवंतीला पिल्लांची पडलेली. ती म्हणाली, "मग तू हो रोलर. नाहीतर ती पुढे जाणार कशी?"

म्हादू नाक ओढत उठला. रिकाम्या जागी ओणवा झाला आणि घर्र घर्र करू लागला. पोरं खिदळली. ट्रॅक्टर आला, बस आली, टांगा आला, सायकल आली. राहिली बैलगाडी. दहाही जण सुभानकडे बघायला लागले.

सुभानने पान घट्ट धरलं होतं. त्याने एकदा बैलांकडे बघितलं, एकदा त्या पिल्लांकडे बघितलं. मग खाली वाकून त्याने पान स्वतःच रांगेच्या टोकाला ठेवलं.

"निघाली," तो म्हणाला.

बाईंनी त्याच दुपारी जाड दोरा घेऊन पुस्तक शिवलं. टाके वेडेवाकडे आले. रोलरच्या जागी त्यांनी कोरा पुठ्ठा घातला. त्यावर चित्र काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण ते पान आलं की म्हादू उठून ओणवा होतो.

आता पुन्हा डोकं मधे येतं, पुन्हा कुणाला दिसत नाही, पुन्हा बाईंची मान अवघडते. मदतनीस अजून आलेली नाही. बाई दमतात, अगदी पूर्वीइतक्याच दमतात. पण "बाई, पुन्हा!" म्हटलं की एक सुस्कारा टाकतात, मांडी सावरतात आणि पहिलं पान उघडतात.

तात्पर्य: तोडून वाटलं की प्रत्येकाच्या हाती तुकडा येतो. सगळ्यांना सगळं हवं असेल, तर एकमेकांना खेटून बसावं लागतं आणि थोडी ढकलाढकली सोसावी लागते.